१७९ म्हणजे ‘क’, पण कोणासाठी?

१७९ ही संख्या संगणकाच्या स्मृतीत एका बाइटमध्ये मावते. ती वाचली मात्र चार ठिकाणी चार प्रकारे जाते. १९८० च्या दशकातील मूळ आयबीएम पीसीवर ती पडद्यावरचे चौकटीचे तुकडे जोडणारी एक उभी रेघ आहे. पश्चिम युरोपीय भाषांसाठी ठरवलेल्या लॅटिन-१ या चिन्हसंचात ती घनाचा घातांक म्हणून डोक्यावर लिहिला जाणारा छोटा तीन आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ती ‘क’ आहे, आणि त्याच मानकात लिपी तमिळ निवडली असेल तर तमिळ ‘क’. बाइट चारही ठिकाणी अगदी सारखा. तो कसा वाचायचा याचा करार त्या बाइटमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. भारतीय भाषांतील नोंदी डेटाबेसमध्ये साठवण्याचा गेल्या चार दशकांचा इतिहास हा बराचसा या न लिहिलेल्या कराराचा इतिहास आहे. त्यात पणाला लागलेली गोष्टही किरकोळ नाही. शाळेचा दाखला, निवृत्तिवेतन, जमिनीचा उतारा अशा प्रत्येक ठिकाणी माणूस शेवटी नावानेच शोधला जातो.

अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आस्की मानकाने सात बिटांत १२८ जागा दिल्या. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली आणि जागा संपल्या. आठवा बिट मोकळा होता. त्यातून मिळणाऱ्या आणखी १२८ जागा जगातील प्रत्येक भाषकसमूहाने आपापल्या परीने वापरल्या. भारतात हे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला देवनागरी संगणक १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांसमोर आला. त्याच कामातून जिस्ट नावाचे तंत्रज्ञान उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम तेथे आले. सी-डॅकचे नाव काढले की परम महासंगणकच आठवतो. जिस्ट कार्डाच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही. साध्या पीसीत ते कार्ड बसवले की डॉसवर चालणारे जुनेच प्रोग्राम भारतीय लिप्या दाखवू लागत. उभ्या रेघेच्या जागी ‘क’ उमटे.

या प्रयत्नाचे मानकरूप म्हणजे इस्की. १९८८ मध्ये त्याची एक आवृत्ती आली आणि १९९१ मध्ये ते आयएस १३१९४ या क्रमांकाने राष्ट्रीय मानक झाले. त्यामागील कल्पना आजही दाद द्यावी अशी आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच आहे. मग प्रत्येक लिपीसाठी निराळे संकेतांक कशाला? ‘क’ चा संकेतांक एकच, १७९, आणि तो देवनागरीत, बांगलात की मल्याळममध्ये काढायचा हे सांगणारी खूण मजकुरात वेगळी. ती खूण म्हणजे २३९ हा बाइट आणि त्याच्या पाठोपाठ लिपीचा क्रमांक. एकाच बाइटच्या मर्यादेत दहा लिप्या अशा रीतीने बसवल्या गेल्या.

डेटाबेसशी गाठ पडताच या सुंदर रचनेची दुखरी बाजू उघडी होते. सलग मजकुरात लिपीची खूण आधी येऊन जाते आणि पुढची अक्षरे तिच्या आधाराने वाचली जातात. डेटाबेस मात्र मजकुराचे तुकडे करून रकान्यांत ठेवतो. प्रत्येक रकान्यात ती खूण साठवली नाही, तर लिपी कोणती हे फक्त यंत्राच्या मांडणीवरून ठरते. कन्नडमध्ये भरलेली नोंद देवनागरी गृहीत धरणाऱ्या यंत्रावर उघडली की कन्नड नाव देवनागरीत दिसते. हा बिघाड म्हणावा की वरदान, याचे उत्तर नोंद कोण वाचतो आहे यावर अवलंबून. पण येथे एक गोष्ट पहिल्यांदा ठळक झाली: नोंदीचा काही अर्थ नोंदीत आणि काही नोंदीबाहेर, यंत्राच्या मांडणीत राहतो. संगणकशास्त्रात या मांडणीला लोकेल म्हणतात. भाषा, देश, चिन्हसंच आणि अक्षरांचा क्रम यांविषयीची ती यंत्राची गृहीतके असतात.

विंडोज आले आणि पुष्कळ ठिकाणी इस्की मागे पडले. डीटीपीच्या जगाने जवळची वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट तयार झाले. हिंदी पट्ट्यात घराघरांत पोहोचलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये ‘राम’ लिहायचे तर इंग्रजी कळफलकावर जे, के आणि ई ही तीन छोटी अक्षरे दाबायची. कागदावर ‘राम’ उमटतो. डेटाबेसमध्ये मात्र जे-के-ई एवढेच जाते आणि डेटाबेसला तो अर्थहीन इंग्रजी शब्द वाटतो. या फॉन्टांनी वृत्तपत्रे, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तके छापली आणि एका पिढीला संगणकावर लिहायला शिकवले. त्यांना नावे ठेवणे सोपे असले तरी ते न्यायाचे नाही. चूक झाली ती छपाईसाठी घडवलेले साधन नोंदी साठवण्यासाठी वापरल्याने.

ती चूक किती खोल जाते हे एका उदाहरणावरून दिसते. कृतिदेवमध्ये छोटा जे म्हणजे ‘र’ आणि मोठा जे म्हणजे ‘श्र’. त्यापुढे छोटा एच दिला की दुसरी वेलांटी लागते. म्हणजे छोट्या जेने ‘री’ आणि मोठ्या जेने ‘श्री’. आता अनेक डेटाबेस प्रणाली मूळ मांडणीत इंग्रजीची छोटी आणि मोठी अक्षरे समान मानतात, कारण इंग्रजी नावे शोधताना तेच सोयीचे असते. परिणामी अशा डेटाबेसच्या दृष्टीने ‘श्री’ आणि ‘री’ एकच. तसेच छोटा डी ‘क’ आणि मोठा डी पाय मोडलेला ‘क्’, म्हणून तेही एकच. क्रमवारीची तऱ्हा याहून वेगळी. या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि तिची कळ आहे एफ. त्यामुळे ‘हिंदी’ हा शब्द एफपासून सुरू होतो, आणि ‘किशोर’, ‘निर्मला’, ‘दिनेश’ ही सगळी नावे वर्णमालेतील आपापली जागा सोडून यादीत एफच्या घरात एकत्र येतात. क्रमवारी लावणारा प्रोग्राम पूर्णपणे बरोबर चालत असतो. त्याला दिलेला करार तेवढा चुकीचा असतो.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे, पण लिपीबदलाची खूण गेली आणि देवनागरीपासून मल्याळमपर्यंत नऊ लिप्यांना प्रत्येकी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड ५.१ हे मानक ठरवले. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात त्याने रूप बदलले, कारण युनिकोडचे अक्षर डिस्कवर ठेवायचे तर त्याचे बाइट करावे लागतात आणि ते बाइट वाचणाऱ्याला पुन्हा करार माहीत असावा लागतो.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा चिन्हाप्रमाणे बदलणारा. हेच बाइट कोणी लॅटिन-१ समजून वाचले तर २२४ चा होतो डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, १६४ चे होते चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि १६५ चे जपानी येन. ‘राम’ या तीन चिन्हांची नऊ होतात: ‘र’ च्या शेवटी तापमान लिहिताना वापरतात ते अंशाचे वर्तुळ, कान्याच्या शेवटी पाऊण हा अपूर्णांक आणि ‘म’ च्या शेवटी नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा गोलातला आर. एखाद्या यादीत तो रेघवाला ए आणि येन यांची रांगच्या रांग दिसली, तर ती बहुधा देवनागरीच आहे हे न वाचताही ओळखता येते.

अशा नोंदी मोठ्या प्रमाणावर साचण्याचे एक कारण स्वीडनमध्ये सापडते. मायएसक्यूएल हा लोकप्रिय मुक्त डेटाबेस एका स्वीडिश कंपनीने घडवला. त्याची मूळ मांडणी २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ चिन्हसंच आणि स्वीडिश वर्णक्रम अशी होती. भारतातील एखाद्या विकासकाने काहीही न बदलता त्यात देवनागरी भरली, तरी ती दिसताना ठीक दिसे. प्रोग्रामने यूटीएफ-८ चे बाइट पाठवले, डेटाबेसने ते लॅटिन अक्षरे समजून ठेवले आणि परत मागताच तसेच्या तसे दिले. दोन्ही बाजूंची चूक एकच असल्याने चूक दिसत नसे. ओरॅकलमध्येही हेच घडू शकते. ग्राहक-यंत्रावरचे लोकेल डेटाबेसच्या चिन्हसंचाशी जुळते आहे असे नोंदवले, की तो रूपांतर न करता बाइट जसेच्या तसे आत सोडतो, मग ते खरोखर त्या संचातले असोत वा नसोत. वर्षानुवर्षे हे सुरळीत चालते. मग कोणी नवा सर्व्हर घेतो, जोडणीचे लोकेल योग्य करतो, आणि त्या दिवशी सगळी नावे विस्कटतात. दोष मात्र योग्य मांडणी करणाऱ्याच्या माथी येतो.

तरीही ही अवस्था असाध्य नाही. प्रत्येक बाइटला एक आणि एकच लॅटिन चिन्ह मिळाले असेल, तर तेच प्रतिचित्रण उलटे चालवून मूळ बाइट परत मिळतात. मायएसक्यूएलमध्ये त्याची रीतही प्रसिद्ध आहे: रकाना आधी केवळ बाइटांचा म्हणून घोषित करायचा, मग यूटीएफ-८ चा. अक्षरे बदलत नाहीत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी बदलते.

अडचण येते ती ‘एक आणि एकच’ ही अट मोडते तेथे. विंडोजवर लॅटिन-१ म्हणून सहसा जो संच वापरला जातो तो विंडोज-१२५२. त्यात २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मायएसक्यूएल या पाचही जागा जपून ठेवतो, पण काही रूपांतरक तेथे अडखळतात, बाइट गाळतात किंवा दुसरेच चिन्ह ठेवतात. युरोपीय मजकुरात या जागा लागतच नाहीत. देवनागरीत मात्र १२९ हा पहिल्या उकाराचा तिसरा बाइट आहे, १४३ ‘ए’ चा, १४४ ‘ऐ’ चा, १५७ ‘झ’ चा. आणि १४१ आहे पाय मोडण्याच्या चिन्हाचा, ज्याच्यावाचून एकही जोडाक्षर होत नाही. ‘राम’ सुखरूप परत येतो. ‘कृष्ण’, ‘लक्ष्मी’, ‘मुमताज’ यांची खात्री देता येत नाही.

त्याहून वाईट अवस्था प्रश्नचिन्हांची. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचे दोन प्रकारचे रकाने असतात. जुन्या प्रकारात चिन्हसंच लोकेलवरून ठरतो, नव्या प्रकारात युनिकोड असतो. विंडोजमध्ये हिंदी, मराठी यांसारख्या भारतीय भाषांना जुन्या पद्धतीचा स्वतंत्र यंत्रसंच दिलेलाच नाही. त्या केवळ युनिकोडमधून चालतात. त्यामुळे देवनागरी मजकूर जुन्या रकान्यात टाकला की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह पडते. इतकेच नव्हे, तर रकाना युनिकोडचा असूनही आज्ञेतील अवतरणचिन्हापूर्वी एन हे एक अक्षर लिहायचे राहिले, तर मजकूर रकान्यात पोहोचण्याआधीच जुन्या संचात जातो आणि परिणाम तोच. आज्ञा यशस्वी झाल्याचा संदेश येतो, चूक कोठेही नोंदली जात नाही. यूटीएफ-८ चा पर्याय या प्रणालीत २०१९ मध्ये आला, तोही निवडला तरच.

‘राम’, ‘लता’ आणि ‘मधु’ ही तिन्ही नावे अशा रीतीने ‘???’ होतात. उरते ती फक्त लांबी. भौतिकशास्त्रज्ञांना हा फरक ओळखीचा वाटेल. येन चिन्हांची रांग हे एकास-एक, म्हणून उलटवता येणारे रूपांतर आहे. प्रश्नचिन्ह हे अनेकांस-एक आहे. रोल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये माहिती पुसण्याची किमान औष्णिक किंमत मांडली, ती नेमकी अशाच क्रियेला लागू होते. त्या किमतीची उष्णता कोणाला जाणवणार नाही इतकी क्षुद्र. नाव मात्र परत मिळत नाही, कितीही हुशार प्रोग्राम लिहिला तरी. विस्कटलेली यादी पाहून घाबरणारे लोक प्रश्नचिन्हांची यादी पाहून ‘फॉन्ट नसेल’ म्हणत निश्चिंत राहतात, हे उलटे आहे.

मायएसक्यूएलच्या ‘यूटीएफ-८’ ची कथा थोडक्यात सांगावी लागेल, कारण तिचा फटका देवनागरीला नव्हे तर लहान लिप्यांना बसला. त्या नावाने दिलेला संच प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट देई, खऱ्या यूटीएफ-८ मध्ये चार लागू शकतात. पूर्ण संच २०१० मध्ये वेगळ्या नावाने आला आणि जुने फसवे नाव तसेच राहिले. देवनागरी, तमिळ, बांगला तीन बाइटांत बसतात, म्हणून बहुतेकांना काही जाणवले नाही. पण ईशान्येकडील चकमा लिपी, झारखंडमधील हो भाषेची वारंग क्षिती लिपी आणि २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली आपली मोडी या चार बाइटांच्या पट्ट्यात आहेत. मांडणी कडक नसेल, तर असे पहिलेच अक्षर येताच तेथून पुढचा सारा मजकूर कापला जाई. जगभरचे विकासक जागे झाले ते इमोजी कापले जाऊ लागल्यावर.

आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत नोंद बिघडते. एक प्रकार असाही आहे की नोंदीतील एकही बाइट बदलत नाही आणि तरी ती हरवते. डेटाबेस लाखो नावांतून एक नाव शोधतो ते शब्दकोश उघडावा तसे: मधले पान पाहायचे, हवे ते नाव पुढे की मागे हे ठरवायचे, अर्धा भाग सोडायचा. त्यासाठी नावांची सूची आधी क्रमाने लावून ठेवलेली असते. हा क्रम कोण ठरवतो? लोकेल. केवळ संकेतांकांनी क्रम लावला तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. दोन्ही क्रम चालतात, फक्त सूची लावताना आणि शोधताना तो एकच असायला हवा.

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस कित्येक वर्षे हा क्रम कार्यप्रणालीकडून उसना घेत आला. लिनक्समध्ये तो ग्लिबसी या मूलभूत ग्रंथालयात असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीची २.२८ आवृत्ती आली आणि तिने आंतरराष्ट्रीय क्रममानकाच्या नव्या आवृत्तीनुसार आपले तक्ते बदलले. बदल योग्यच होता. अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये पूर्वी ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर येई, आता उलटे झाले. पण डिस्कवरच्या सूच्या जुन्या क्रमाने लावलेल्या होत्या. कार्यप्रणाली अद्ययावत केली की डेटाबेस जुन्या शब्दकोशात नव्या वर्णक्रमाने शोधू लागे, चुकीच्या अर्ध्या भागात शिरे आणि ‘नोंद नाही’ असे सांगे. नोंद तेथेच असे. ती नाही असे समजून तीच पुन्हा भरली जाई, आणि एकमेव असायला हवा तो क्रमांक दोनदा नोंदला जाई. उपाय साधा आहे, सूची नव्याने बांधणे. तो करायला हवा हे कळणे अवघड. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून हा डेटाबेस आपण कोणत्या क्रमतक्त्यावर उभे आहोत याची स्वतः नोंद ठेवतो आणि तो बदलला की इशारा देतो. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत तर कार्यप्रणालीवर न विसंबणारा अंगभूत क्रमही आला.

मराठीपुरता आणखी एक गुंता उरतो. ‘ऱ्हस्व’ मधला अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ च्या स्वतंत्र संकेतांकाने, साध्या ‘र’ ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’ चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पहिले दोन युनिकोड समतुल्य मानतो, पण डेटाबेसने तशी तुलना करावी यासाठी मजकूर आधी एका ठरावीक रूपात आणावा लागतो. तिसरा प्रकार त्या रूपांतरातही वेगळाच राहतो. ‘ॲ’ ला स्वतःचा संकेतांक २००८ मध्ये, त्याच ५.१ आवृत्तीत मिळाला जी पुढच्या वर्षी सरकारी मानक झाली. त्याआधी तो ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन लिहिला जाई, आणि या दोन लेखनांना युनिकोड समतुल्य मानत नाही. २००७ मध्ये भरलेली ‘ॲनी’ आणि आज भरलेली ‘ॲनी’ पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. पहिलीत चार चिन्हे आहेत, दुसरीत तीन. एकीला शोधले तर दुसरी येत नाही.